डाव्या बाजूचं पॉलिश

गाडीला मेण लावायचं तर आधी बोटातली अंगठी काढायची. मग मनगटावरचं घड्याळ. शर्टसुद्धा काढायचा, कारण माणूस वाकला की बटणं पत्र्याला घासतात. आमचे हे दर रविवारी सकाळी गंजीफ्रॉकवर खाली उतरायचे ते याच्यासाठी. नवीन बिऱ्हाडांना वाटायचं, काय हा म्हातारा, बायकामाणसांत असा फिरतो. अंगठी ते देवाच्या फळीवरच्या पितळी वाटीत टाकायचे. टण्ण आवाज व्हायचा. तो ऐकला की मी समजायचे, आता दोन तास ह्यांना हाका मारण्यात अर्थ नाही.

आमची चाळ लालबागची. सासरे गिरणीत होते, पण हे गिरणीत गेले नाहीत. ह्यांना चाकाचं वेड. जन्मभर ड्रायव्हरकी केली ती कफ परेडच्या एका साहेबांकडे. साहेबांची गाडी काळी, आणि काळ्यासारखा चहाडखोर रंग दुसरा नाही, बोट लागलं तरी सांगतो, असं हे म्हणायचे. समोर समुद्राचा खारा वारा, शेजारी मच्छीमार नगरात बोंबील वाळत घातलेले, साहेब वर मीटिंगमध्ये आणि हे खाली गाडी पुसत. घरी आले की अंगाला मेणाचा आणि सुक्या बोंबलाचा मिळून एक वास यायचा. मला तो आवडायचा. आता या वयात सांगायला लाज कसली!

रिटायर झाल्यावर ह्यांनी स्वतःची गाडी घेतली. सेकंडहँड, छोटी, गर्द निळी. चाळीच्या पटांगणात नळाशेजारी आणून उभी केली तेव्हा मी ताट घेऊन ओवाळायला खाली गेले. कुंकवात दोन थेंब तेल कालवलं होतं, बॉनेटवर स्वस्तिक काढायला. तर हे मध्ये येऊन उभे.

"तेल घातलंस? डाग पडेल त्याचा."

मी म्हटलं, "देवाचं कुंकू. त्याचा डाग म्हणायचा?"

"देवाला माहीत आहे गं ते. रंगाला माहीत नाही."

शेवटी नारळावर स्वस्तिक काढलं आणि नारळ गाडीसमोर फोडला, तोही चार हात लांब. आख्खी चाळ हसली.

मग मलाही हळूहळू त्यात ओढलं. आधी नुसतं पाणी ओतायचं, धूळ वाहून जायला. कोरड्या धुळीवर हात फिरवायचा नाही, फडकं नाही, बोट तर अजिबात नाही. चाळीतली पोरं धुळीवर बोटाने नावं लिहायची, बाण काढायची, तर हे दुसऱ्या मजल्यावरून असे ओरडायचे की कबुतरं उडायची. "धूळ म्हणजे बारीक दगड रे! तुझं नाव जन्मभर राहील त्या पत्र्यावर!" मग साबण, तोही भांड्यांचा नव्हे. मग सावलीत गाडी पूर्ण वाळू द्यायची. पॉलिश वेगळं आणि मेण वेगळं, हे तर मला फार उशिरा कळलं. पॉलिश रंगाचा अगदी पातळ पापुद्रा खरवडून काढतं, म्हणून ओरखडा जातो. मेण वरून नुसतं झाकतं. ओरखडा दिसला की हे त्याच्यावरून आडवं नख फिरवायचे. नख अडकलं तर ओरखडा खोल गेलेला, तो घासून निघत नाही. नाही अडकलं तर निघतो. आणि शेवटी पुसायला माझ्या सासूबाईंच्या लुगड्याचा तुकडा. गिरणीचंच लुगडं, सासूबाईंनी पंधरा-वीस वर्षं नेसलेलं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. बाजारात मिळतात ती फडकी ह्यांनी कधी आणली नाहीत. म्हणायचे, "आईने आयुष्यभर नेसून मऊ केलंय, ते कुठल्या दुकानात मिळणार?"

बाजूच्या खोलीत ह्यांचा बालमित्र राहायचा. मी त्यांना भाऊजी म्हणायचे, ते मला वहिनी. दोघे मालवणकडच्या एकाच वाडीतले. बायको गेलेली, मुलगा दुबईला. रविवारी भाऊजी पायरीवर येऊन बसायचे आणि दोघांची मालवणी सुरू व्हायची.

"मेल्या, गाडयेक इतक्या गोंजारतंस. वहिनीच्या गालार कधी हात फिरवलंस काय?"

हे मान वर करायचे नाहीत. मग मीच गॅलरीतून सांगायचे, "भाऊजी, गप बसा. माझ्या गालाला मेण लावलं तर माशी घसरेल!"

असं चाललं होतं. मग भाऊजींच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, माटुंग्याला. आमच्या इकडे रिक्षा येत नाहीत, आणि टॅक्सीवाला एवढ्याशा अंतराला मान हलवून निघून जातो. आलाच तर परतीच्या वेळी पाय लटपटणाऱ्या माणसाला कोण धरणार? ह्यांनी न विचारता ते अंगावर घेतलं. सकाळी भाऊजींना गाडीत घालायचं, तिकडे चार तास बाहेर बाकावर बसायचं, परत आणायचं, वर खोलीपर्यंत पोचवायचं. भाऊजींच्या एका हातात चार पायांची ॲल्युमिनियमची काठी, दुसऱ्या हातात शाल आणि डब्याची पिशवी. हे गाडी वळवून आणेपर्यंत ते पायरीशी उभे राहायचे आणि ओरडायचे, "चल रे, रक्ताची भांडी घासूक जावया."

मला वाटतं, ह्यांना पण त्यातून जगायला काहीतरी मिळालं. साहेब सुटले तेव्हापासून पोचवायला कोणी नव्हतं.

आता डाव्या बाजूचं सांगते. आपल्याकडे पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी, आमटी उजवीकडे. मी तशीच वाढत आले. मागच्या वर्षी कधीतरी, नक्की कधी ते सांगता यायचं नाही, ह्यांच्या ताटातलं डावीकडचं तसंच राहायला लागलं. लिंबाची फोड तशीच. चटणी तशीच.

एकदा मी विचारलं, "तिखट झाली का चटणी?"

"वाढलीस कुठे?"

"ही काय."

ह्यांनी मान वळवली, अगदी शेजारी कोणी बसलंय की काय असं बघायला वळवावी तशी, आणि म्हणाले, "हां. भूक नव्हती."

मी पण सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसांची जीभ बदलते. पुढे एका मंगळवारी दिवा लावायला देवापाशी गेले, तर वाटीत अंगठी. रविवार नव्हता. सण नव्हता. मी गॅलरीतून खाली वाकून पाहिलं. हे गाडीच्या पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले होते, आणि एक तळहाताएवढी जागा घासत होते. बाकीच्या गाडीला हातसुद्धा लावला नव्हता.

त्यानंतर अंगठी वाटीत कधीही दिसायला लागली. गुरुवारी, शनिवारी, मध्येच दुपारी. हे वर यायचे, हात धुवायचे, अंगठी घालायचे. संध्याकाळी पश्चिमेचं तिरकं ऊन टॉवरच्या फटीतून पटांगणात यायचं, तेव्हा मी मुद्दाम खाली जाऊन गाडीकडे बघायचे. बाकीचा निळा रंग जुना, थोडा विटका. आणि मध्येच तुकडे असे चमकायचे, जणू कोणी पाणी सांडून ठेवलंय. बंपरचा डावा कोपरा. डाव्या आरशाची पाठ. मागच्या डाव्या दाराचा खालचा भाग. उजवीकडे एकसुद्धा नाही. जिथे जिथे लागलं होतं, तिथे तिथे गाडी नवी दिसत होती.

चाळीत मात्र कौतुक. "काका, गाडी रंगवली काय?" "काका, तुमच्या गाडीत बघून भांग पाडतो मी." हे हसायचे. मला ते हसणं बघवत नव्हतं.

मी म्हटलं, "एकदा डोळे दाखवून येऊ."

"तुझेच दाखव. परवा भातात खडा आला."

मुलाला फोन केला. तो ठाण्याला असतो. म्हटलं, "बाबांना डावीकडचं नीट दिसत नाही असं मला वाटतंय."

"आई, काय बोलतेस? चाळीस वर्षं गाडी चालवली त्यांनी. मी मागच्या रविवारी बघितली ना गाडी. एक ओरखडा दाखव. माझ्या नव्या गाडीला सहा महिन्यांत तीन डेंट आहेत, मग माझे डोळे गेले का?"

गाडी चकाकत होती, हे तर खरंच होतं. मी त्याला तुकडे दाखवायला बोलावलं, तर तो म्हणाला, "बाबा एक एक भाग करत असतील, वय झालं, एका दिवसात होत नसेल." हे पण पटण्यासारखंच होतं. मला स्वतःलाच मी कटकटी म्हातारी वाटायला लागले.

आणखी एक होतं. हे रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी खाली जाऊन गाडीत नुसतेच बसायचे. इंजिन बंद. मान मागे टेकलेली, डोळे मिटलेले. पाच मिनिटं. मग वर यायचे. भाऊजी ह्यांना चिडवायचे, "मेल्या, गाडयेत बसान साहेबाची वाट बघतंस काय?" मलाही तसंच काहीतरी वाटायचं. जुन्या सवयी असतात माणसाच्या. मी कधी विचारलं नाही.

श्रावण सरत आला. आख्खं जग गणपतीला लालबागला येतं, आणि आम्ही लालबागकर गावाला पळतो. यंदा रेल्वेचं रिझर्व्हेशन मिळालं नाही. मुलगा म्हणाला, आपण बाबांच्या गाडीने जाऊ, घाटाचा रस्ता बाबांना तोंडपाठ आहे. हे एकदम उजळले. मेणाचा नवा डबा आणला. आणि माझी नात, नऊ वर्षांची, फोनवर ओरडून सांगत होती, "पुढे मी बसणार! आजोबांच्या बाजूला मी!"

आजोबांच्या बाजूला म्हणजे डाव्या बाजूला.

मी फोन ठेवला आणि तांदूळ निवडायला बसले. एक मूठ निवडली आणि हात थांबला. पुढच्या आठवड्यात ती पोर त्या सीटवर बसणार होती, घाटात, जिथे डावीकडे दरी असते. आणि दर दोन दिवसांनी भाऊजी त्याच सीटवर बसत होते. मी तरी काय, मीही त्याच सीटवर बसत आलेली. त्या बाजूने माझ्याकडे बघत नाहीत म्हणून मी मनातल्या मनात रुसायचे.

त्या दिवसांत पटांगणात मंडपाचे बांबू पडले होते, म्हणून गाडी बाहेर गल्लीत लावावी लागे. गल्ली आधीच अरुंद, त्यात दोन्ही बाजूंना बांबूचे ढीग आणि लाइटिंगच्या वायरी. शुक्रवारी सकाळी भाऊजींच्या डायलिसिसची वेळ. मी गॅसपाशी होते. खालून आधी काठी पडल्याचा आवाज आला, ॲल्युमिनियमचा, आणि मग बायका ओरडल्या.

धावत खाली गेले. भाऊजी रस्त्यावर बसले होते, एक पाय विचित्र वळलेला. डब्यातला भात सांडलेला. चार माणसं धरून उभी. हे गाडीतून अर्धे उतरलेले, एक पाय आत, एक बाहेर.

भाऊजीच बोलत होते. "काय नाय, काय नाय. बांबूत पाय अडकलो माझो. माझोच तोल गेलो. डोळे फुटले माझे मेल्याचे, दुसरा काय!"

सगळ्यांनी ते ऐकलं, सगळ्यांनी मान हलवली. बांबू तर तिथे होतेच. दोघातिघांनी मंडपवाल्याला शिव्या घातल्या. भाऊजींना उचलून टॅक्सीत घातलं, मी बरोबर बसले. टॅक्सी हलायच्या आधी मी मागे बघितलं. काठी आमच्या गाडीखाली गेलेली होती. आणि पुढच्या डाव्या दारावर, हँडलपासून पुढच्या चाकापर्यंत, एक बारीक लांब पांढरी रेघ.

खुब्याचं हाड मोडलं होतं. परळच्या इस्पितळात ठेवलं. किडनीचा माणूस, ऑपरेशन सोपं आहे असं डॉक्टर म्हणेनात. दुसऱ्या दिवशी मी पेज घेऊन गेले. पलंगाच्या दांड्याला धरून भाऊजी पडले होते. हे येऊन गेले होते का, असं विचारलं. म्हणाले, "आला होता. बसला, उठला, गेला." माझ्याशी ते नेहमी पुस्तकासारखं बोलायचे, मालवणी फक्त मित्राशी.

"भाऊजी, खरं सांगा."

"सांगितलं ना वहिनी. बांबूत पाय अडकला. माझ्या मुलालाही फोनवर हेच सांगितलंय. कोणी विचारलं तर तुम्हीही हेच सांगा."

मी वाटीत चमचा फिरवत राहिले. पेज निवत होती.

मग ते हळूच म्हणाले, "त्याच्याकडची चावी काढून घेऊ नका. तो मरेल हो. मी आज ना उद्या जाणारच आहे, माझ्यासाठी त्याला कशाला मारता?"

"आणि पुढच्या आठवड्यात त्या सीटवर माझी नात बसणार आहे, तिचं काय?"

भाऊजींनी तोंड भिंतीकडे केलं. मग म्हणाले, "ते माझ्या डोक्यात नाही आलं." मी भरवलेली पेज त्यांनी दोन चमचे खाल्ली आणि बस म्हणाले.

रविवार उजाडला. वाटीत टण्ण आवाज झाला. मी चहा गाळला, एक कप भरला आणि मागोमाग खाली गेले. गल्लीत सावली होती. ह्यांनी पुढचं डावं दार धुऊन, वाळवून ठेवलं होतं आणि सासूबाईंच्या लुगड्याच्या तुकड्याने घासत होते. लहान लहान गोल, न थांबता. दाराच्या इतके जवळ वाकले होते की नाक टेकेल असं वाटत होतं. कपाळावरून घाम दारावर पडत होता आणि तोही ते पुसत होते.

मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांच्या डाव्या हाताला. त्यांना कळलं नाही. चहाचा कप मी बॉनेटवर ठेवणार एवढ्यात आठवलं की तिथे काही ठेवायचं नसतं, म्हणून खाली पायरीवर ठेवला, त्या आवाजाने ते दचकले.

"तू होय." मग दाराकडे बोट केलं. "अगं, बघ जरा. गेला का?"

एवढ्या वर्षांत ह्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. ते मला दाखवायचे. हे बघ, गेला.

मी बघितलं. दार आरशासारखं झालं होतं. त्यात मी दिसत होते, माझ्या मागचे बांबू दिसत होते, वरच्या रंगीत दिव्यांची माळ दिसत होती. ओरखड्याचं नाव नव्हतं.

मी म्हटलं, "नाही. दिसतोय."

ह्यांनी परत पॉलिश घेतलं. परत घासलं. गोल सुटत नव्हता.

"आता?"

"आहे."

तिसऱ्यांदा मात्र त्यांनी फडकं खाली ठेवलं. उजव्या हाताचं नख दारावर टेकवलं आणि जिथून जिथपर्यंत काठी घासली होती तिथून तिथपर्यंत आडवं-तिरपं फिरवत नेलं. मग उलटं आणलं. नख कुठेही अडकलं नाही. मला ते ऐकू येत होतं, काचेवरून जावं तसं ते सुर्रकन जात होतं. ह्यांची बोटं चाळीस वर्षांची तयार. त्यांना काय कळायचं ते कळलं.

ते सरळ उभे राहिले आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे म्हणजे, माझ्या किंचित उजवीकडे.

"दिसतोय म्हणतेस."

"हो."

"लोकांना दिसेल?"

"दिसेल."

गल्लीतून ढोलाचा सराव ऐकू येत होता. ह्यांनी लेंग्याच्या खिशात हात घातला, चावी काढली आणि माझ्या हातात दिली. चावीला मेण लागलं होतं, बुळबुळीत.

"मेण-पॉलिशच्या पिशवीत तळाशी एक छोटी बाटली आहे," म्हणाले. "वर घेऊन चल. गाडीत फार तापते ती."

मेणाच्या डब्याखाली, लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळलेली बाटली होती. डोळ्यांत घालायच्या थेंबांची. सकाळ-संध्याकाळ. मान मागे टाकून, डोळे मिटून, पाच मिनिटं.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. काचबिंदू म्हणतात. गेलेली नजर येत नाही. उरलेली धरून ठेवायची."

"आणि गाडीचं काय म्हणाला डॉक्टर?"

ह्यांनी थंड झालेला चहा एका घोटात प्यायला. "तुला म्हणायचं होतं तेच. चालवू नका," म्हणाले आणि अंगठी न घालताच जिना चढले.

गावाला आम्ही गेलो नाही. मुलगा एस.टी.ने बायकोपोरीला घेऊन गेला. मी त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं. आम्ही दोघं पहिल्यांदाच गणपतीत लालबागला राहिलो. खाली एवढी गर्दी की खिडकी बंद केली तरी भिंत हलायची. हे रोज परळला चालत जायचे, एक हात दुकानांच्या भिंतींवर ठेवून. भाऊजींचं ऑपरेशन झालं, जखम भरेना, मग ताप, मग डायलिसिस झेपेना. दसऱ्याच्या आत ते गेले. शेवटी शेवटी दोघे काय बोलले मला माहीत नाही. मी एकदा दाराशी पोचले तेव्हा भाऊजी एवढंच म्हणत होते, "गप रे. गप रव मेल्या."

भाऊजींचा मुलगा दुबईहून आला. चांगला मुलगा, आमच्याच अंगाखांद्यावर वाढलेला. तेराव्याची पंगत उठली, माणसं पांगली, आणि हे त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"तुझा बाप माझ्या गाडीने पडला. बांबूने नाही. तो डावीकडून आला, मला दिसला नाही."

मुलगा क्षणभर गोंधळला. मग ह्यांचे खांदे धरून म्हणाला, "काका, बाबांनी मला स्वतः सांगितलंय. तुम्ही कशाला स्वतःला त्रास करून घेता? दोन वर्षं तुम्ही नेलंत-आणलंत. मी मुलगा असून केलं नाही."

"चल खाली. दाखवतो."

तिघं खाली गेलो. मंडप निघाला होता, गाडी परत पटांगणात नळाशेजारी होती. हे डाव्या दारापाशी गेले आणि हात ठेवला. मुलाने वाकून बघितलं, मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं. त्याचा चेहरा दारात स्वच्छ दिसत होता, मुंडण केलेलं डोकंसुद्धा.

"कुठे काय आहे, काका? आरसा आहे नुसता."

"होता. मी घासून काढला. हिला विचार. तू सांग ना त्याला. तुला दिसला होता ना?"

मी म्हटलं, "होता रे बाबा. इथपासून इथपर्यंत." आणि हँडलपासून चाकापर्यंत बोट फिरवून दाखवलं. गुळगुळीत पत्र्यावरून माझं बोट घसरत गेलं आणि मागे काही उरलं नाही.

मुलाने एकदा ह्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. डोळे भरून आले होते त्याचे. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "काकी, काकांना सांभाळा. धक्का बसलाय त्यांना." पाया पडला, आणि चार दिवसांनी विमानाने गेला.

चाळीत ह्यांनी आणखी दोघातिघांना सांगून बघितलं. सगळ्यांनी तेच केलं, पाठीवर हात ठेवला, चहा पाजला. मग ह्यांनी सांगायचं सोडलं.

अंगठी आता बोटातच असते. वाटीत चावी. लोणचं, चटणी मी उजवीकडे वाढते. माझ्या आईने बघितलं असतं तर पान उलटं वाढलं म्हणून ओरडली असती. थेंब मी घालते, सकाळ-संध्याकाळ. आमचा मुलगा म्हणतो, गाडी विकून टाकू. हे हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. गाडीला पाणी लागून किती दिवस झाले. शेजारी टॉवरचं काम चालू आहे, त्याची सिमेंटची धूळ रोज बसते, निळा रंग कुठला तो ओळखू येत नाही.

परवा नळावर गेले होते. आख्ख्या गाडीवर धुळीचा थर, आणि पुढच्या डाव्या दारावर त्या धुळीत एक रेघ. हँडलपासून चाकापर्यंत, बरोबर त्याच जागी. पोरांनी काढली असती तर नाव असतं, बाण असता. ही कोरड्या बोटाने ओढलेली होती, आणि एकदा नाही, एकावर एक, पुष्कळदा. मला आठवलं, हे हल्ली संध्याकाळी जरा खाली जाऊन येतो म्हणतात, आणि परत आले की बोट लेंग्याला पुसतात.

मी बादली खाली ठेवली. ओंजळभर पाण्याने रेघेवरची धूळ धुतली आणि पत्रा वाळेपर्यंत थांबले. मग त्यांनीच शिकवलं होतं तसं आडवं नख फिरवून बघितलं.

अजून अडकत नाही.